सोहळ्याआधीची पंधरा मिनिटे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंड गावी २४ ऑगस्ट १९९५ रोजी जो सोहळा झाला, त्याचे चित्रीकरण आजही सहज पाहायला मिळते. मायक्रोसॉफ्टच्या आवारातला प्रचंड शामियाना, व्यासपीठावर बिल गेट्स, त्यांच्या शेजारी दूरचित्रवाणीवरचा लाडका विनोदवीर जे लेनो, रोलिंग स्टोन्सच्या गाण्यावर टाळ्या पिटत नाचणारे मायक्रोसॉफ्टचे अधिकारी. विंडोज ९५ बाजारात आली तो हा दिवस. एखादी ऑपरेटिंग सिस्टिम विकत घ्यायला लोक मध्यरात्री दुकानांबाहेर रांगा लावतात, हे जगाने त्या आठवड्यात पाहिले.

त्याच दिवशी, सोहळा सुरू व्हायला पंधरा मिनिटे उरली असताना, आणखी एक गोष्ट घडली. तिचा त्या चित्रीकरणात मागमूस नाही. ज्या आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर कचेऱ्यांमध्ये आणि घरांमध्ये नेला, त्या आयबीएमला आपल्याच संगणकांवर विंडोज ९५ घालून विकण्याचा परवाना तेव्हा कुठे मिळाला. तिच्या स्पर्धकांची तयारी पाच आठवड्यांपूर्वीच सुरू झाली होती. हे सारे तपशिलाने उघड व्हायला १९९९ साल उजाडावे लागले. अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्या. थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी जे निष्कर्ष नोंदवले, त्यांत हा सगळा व्यवहार तारीखवार आला आहे.

आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या लढाईची गोष्ट एरवी जाहिरातींची म्हणून सांगतात. कुणाचे गाणे गाजले, कुणाचे नाव लोकांच्या तोंडी बसले, कुणी किती पैसा ओतला. माझ्या मते ती कॅलेंडर आणि घड्याळ समोर ठेवून सांगायला हवी. आयबीएमचा घात वेळेने केला, आणि ती वेळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात होती.

१९९४ चा उत्तरार्ध : आठ डॉलरची सूट

आधी दोघांचे नाते. १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी काढला, तेव्हा त्यावरची डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून घेतली आणि तीच डॉस इतरांना विकण्याची मुभा मायक्रोसॉफ्टकडे राहू दिली. पुढच्या साऱ्या इतिहासाचे बी या मुभेत आहे. १९८७ मध्ये दोघांनी मिळून ओएस/२ जाहीर केली. १९९० मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज ३.० तुफान खपली आणि भागीदारी फुटली. ओएस/२ आयबीएमने एकटीने पुढे नेली, आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये तिची तिसरी आवृत्ती ‘वॉर्प’ या नावाने आणली.

वॉर्प ही चांगली ऑपरेटिंग सिस्टिम होती. विंडोज ३.१ वर एखादा प्रोग्रॅम अडून बसला की सगळा संगणक अडायचा, कारण प्रत्येक प्रोग्रॅमने आपणहून दुसऱ्याला वाट द्यावी, अशी तिथली रचना होती. वॉर्प स्वतः प्रत्येक प्रोग्रॅमला वेळ वाटून देई. विंडोज ३.१ साठी लिहिलेले प्रोग्रॅमही तिच्यावर चालत. उणिवाही होत्या. बाजारातल्या कितीतरी प्रिंटरांचे आणि साउंड कार्डांचे ड्रायव्हर तिच्यासाठी मिळत नसत, आणि खास तिच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्या थोड्या होत्या.

आयबीएमने जाहिरातीत हात आखडता घेतला होता, असे म्हणता येणार नाही. फिएस्टा बोल हा अमेरिकन फुटबॉलचा मोठा सामना काही वर्षे ओएस/२ च्या नावाने खेळवला गेला. मठाच्या ओवऱ्यांतून चाललेल्या जोगिणी आपसात चेक भाषेत वॉर्पविषयी बोलत आहेत आणि खाली इंग्रजीत त्याचा अर्थ उमटतो आहे, ही तिची दूरचित्रवाणीवरची जाहिरात आजही जाहिरातक्षेत्रातले लोक आठवतात. ती सुंदर होती. पण ती पाहून दुकानात गेलेल्या माणसाला संगणकावर आधीपासून काय घातलेले मिळणार, हे त्या जाहिरातीला ठरवता येत नव्हते.

ते कोण ठरवतो, हे मायक्रोसॉफ्टला नीट कळले होते. आयबीएमची पीसी कंपनी हा त्या अवाढव्य उद्योगाचा संगणक बनवून विकणारा विभाग. त्याला विंडोज हवीच होती, कारण गिऱ्हाईक तीच मागत होते. ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याच्याच विहिरीवरून पाणी भरायचे, अशी या विभागाची अवस्था होती. विंडोज ९५ च्या दराची बोलणी चालू असताना मायक्रोसॉफ्टने एक प्रस्ताव ठेवला. आयबीएमने आपल्या पीसीच्या जाहिरातींत दुसऱ्या कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव घेऊ नये, स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी विंडोज ९५ हीच प्रमाण ठरवावी, आणि ती बाजारात आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत विकल्या जाणाऱ्या आपल्या निदान निम्म्या पीसींवर ती घातलेली असावी. बदल्यात प्रत्येक प्रतीमागे ८ डॉलर सूट. वर्षाकाठी ही बचत ४ कोटी ते ४ कोटी ८० लाख डॉलरच्या घरात जाणार होती.

म्हणजे स्वतःच्या मालाचे नाव स्वतःच्या जाहिरातीत घ्यायचे नाही, याची किंमत ठरवून दिली होती. बाजारातल्या स्पर्धेविषयी मी जे काही वाचले आहे, त्यात इतके उघडे कलम क्वचितच भेटले. आयबीएमने नकार दिला. आपला माल आधी, असे धोरण तिने धरले आणि वॉर्प पुढे रेटली. मला हा नकार आजही आदराचा वाटतो, त्याचा शेवट काय झाला हे ठाऊक असूनही.

१७ जुलै १९९५, सोमवार : ३८ दिवस आधी

जून १९९५ मध्ये आयबीएमने लोटस ही कंपनी सुमारे साडेतीनशे कोटी डॉलरला विकत घेण्याचा सौदा केला. लोटसचा स्मार्टस्वीट हा संच मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसचा थेट प्रतिस्पर्धी. १७ जुलैला आयबीएमने जाहीर केले, की अमेरिकेत आपण स्मार्टस्वीटलाच डेस्कटॉपवरचे आपले मुख्य सॉफ्टवेअर मानणार. विंडोजइतकीच ऑफिसवरही मायक्रोसॉफ्टची कमाई अवलंबून होती. ही घोषणा त्या कमाईवर चालून जाणारी होती.

त्याच दिवशी आयबीएमच्या स्पर्धकांकडे दुसरीच वस्तू पोहोचली. तीन दिवसांपूर्वी, १४ जुलैला, मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ चे काम संपल्याचे ठरवून तिची अंतिम प्रत तयार केली होती. तिला या धंद्यात ‘गोल्डन मास्टर’ म्हणतात. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या हाती ही प्रत आल्याखेरीज तिला काही करता येत नाही. आपल्या प्रत्येक मॉडेलवर ती चालवून पाहायची, त्या मॉडेलमधल्या पडदा, ध्वनी, मोडेम या सगळ्यांचे ड्रायव्हर जुळवायचे, काही बिघडले तर दुरुस्त करून घ्यायचे. मग कारखान्यात हार्डडिस्कवर चढवायची प्रत पक्की करायची, माहितीपुस्तके आणि खोकी छापायची, माल दुकानांकडे रवाना करायचा. याला आठवडे लागतात आणि त्यांना आडवाट नसते. बाकीच्या कंपन्यांचे हे काम १७ जुलैपासून सुरू झाले. आयबीएमचे झाले नाही.

बाजारपेठेच्या वर्षात हे दिवस कोणते, हेही पाहायला हवे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेत शाळा-कॉलेजे उघडतात. घरोघर नवा संगणक घेतला जातो तो तेव्हा. त्यात विंडोज ९५ अनेकदा लांबणीवर पडलेली. ती आली की घेऊ, म्हणून कितीतरी गिऱ्हाईक खरेदी थांबवून बसले होते.

२० जुलै, गुरुवार : ८४० तास आधी

स्मार्टस्वीटच्या घोषणेला तीन दिवस झाले होते. मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने आयबीएम पीसी कंपनीतल्या आपल्या समपदस्थाला निरोप दिला : विंडोज ९५ च्या परवान्याची बोलणी थांबवत आहोत, आणि अंतिम प्रतही देणार नाही.

कारण सांगितले ते हिशेबाचे. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या रॉयल्टीपोटी आयबीएमने पूर्वी जी रक्कम भरली, तिची तपासणी चालू होती. ती आधी मिटवा, मग परवान्याचे बोलू. अशी तपासणी या धंद्यात नेहमीची. पूर्वी कधी फरक निघाला तर आयबीएमने तो व्याजासह भरला होता. न्यायाधीशांनी स्पष्ट नोंदवले आहे, की २० जुलैच्या त्या निरोपाआधी दोन्हीकडच्या वरिष्ठांनी या तपासणीचा आणि विंडोज ९५ च्या परवान्याचा संबंध कधीही जोडलेला नव्हता.

घोषणा सोमवारी आणि नकार गुरुवारी. मधल्या तीन दिवसांत जुने हिशेब एकाएकी बदलले नव्हते.

ऑगस्टचा दुसरा आठवडा : सुमारे ३६० तास आधी

आयबीएमने विनवण्या केल्या. हिशेब आणि परवाना वेगळे ठेवा, हिशेबात तफावत निघाली तर भरपाई म्हणून १ कोटी डॉलरची हमी ठेवतो, असेही सांगून पाहिले. मायक्रोसॉफ्टने ऐकले नाही. पीसी कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी रेडमंडला गेला आणि संगणक-उत्पादकांशी होणारे व्यवहार सांभाळणाऱ्या योआखिम केम्पिन यांना भेटला.

केम्पिन यांनी मार्ग सुचवला. एकरकमी पैसे भरून सारी तपासणी मिटवता येईल. आणि आयबीएमने सहा महिने ते वर्षभर आपल्या संगणकांबरोबर स्मार्टस्वीट देणार नाही असे मान्य केले, तर ही रक्कम कमी होईल.

हा प्रस्ताव वाचल्यावर तपासणीच्या सबबीत काय उरते? हिशेबाचे पैसे खरोखर येणे असतील तर स्मार्टस्वीट दिल्याने ते वाढत नाहीत, न दिल्याने कमी होत नाहीत. आयबीएमने याही वेळी मान तुकवली नाही. दिवस मात्र जात राहिले, आणि दुसरीकडे स्पर्धकांच्या कारखान्यांत विंडोज ९५ हार्डडिस्कवर चढत होती.

२१ ऑगस्ट, सोमवार : तीन दिवस आधी

वॉशिंग्टन शहरात त्या दिवशी मायक्रोसॉफ्टसंबंधी एक आदेश निघाला. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९४ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टशी एक समझोता केला होता. विकल्या गेलेल्या प्रत्येक संगणकामागे, त्यावर मायक्रोसॉफ्टची डॉस असो वा नसो, पैसे घेण्याची तिची पद्धत त्याने बंद होणार होती. आधीच्या न्यायाधीशांनी तो अपुरा म्हणून फेटाळला, वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि शेवटी २१ ऑगस्टला समझोता मंजूर झाला. मंजूर करणारे न्यायाधीश होते थॉमस पेनफिल्ड जॅक्सन. चार वर्षांनी आयबीएमची सारी हकिगत ज्यांना लिहावी लागली, तेच हे.

कायदा त्या दिवशी मायक्रोसॉफ्टची जुनी रीत बंद करत होता. नवी रीत महिनाभर सुरू होती आणि ती न्यायालयापुढे अजून आलेलीच नव्हती.

२३ ऑगस्ट, बुधवार. पहाटे ५, रेडमंडचे घड्याळ

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला मध्यरात्र झाली, तारीख २४ उजाडली आणि जगातली पहिली दुकाने उघडली. विंडोज ९५ ची विक्री सुरू झाली. अमेरिकेत पूर्ण प्रतीची छापील किंमत सुमारे २१० डॉलर होती, आणि जुन्या विंडोजवरून बदलून घ्यायची तर सुमारे ११०.

एवढे पैसे मोजून ऑकलंडचा कुणीही माणूस त्या रात्री विंडोज ९५ घरी नेऊ शकत होता आणि आपल्या आयबीएम पीसीवर घालू शकत होता. आयबीएमला मात्र आपल्या कारखान्यात, आपल्याच पीसीवर ती घालायची मुभा नव्हती.

सकाळी ७

सिडनीत मध्यरात्र. तिथल्या बंदरात तराफ्यावर चढवलेले, कित्येक मजले उंचीचे विंडोज ९५ चे खोके फिरवले गेले. आयबीएमचा परवाना : नाही.

दुपारी ४

लंडनला मध्यरात्र. १७८५ पासून निघणारे ‘द टाइम्स’ हे वृत्तपत्र २४ तारखेला वाचकांना फुकट मिळाले, कारण त्या दिवसाचा सारा अंक मायक्रोसॉफ्टने विकत घेतला होता. सुमारे १५ लाख प्रती. परवाना : नाही.

रात्री ९

न्यूयॉर्कला मध्यरात्र. रांगा, दुकानांची उघडी दारे, वार्ताहरांचे कॅमेरे. याच सोहळ्यासाठी शहरातली एम्पायर स्टेट बिल्डिंग विंडोजच्या रंगांत उजळली गेली. टोरंटोच्या सीएन टॉवरवरून शेकडो फूट लांबीचा फलक सोडण्यात आला. न्यूयॉर्कपासून थोड्याच अंतरावर, अरमाँकला, आयबीएमचे मुख्यालय. परवाना अजूनही नाही.

२४ ऑगस्ट, गुरुवार. सकाळ

‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये अ‍ॅपलची जाहिरात आली. अभिनंदनाचा इंग्रजी शब्द, मधली अक्षरे गाळून, डॉसच्या आठ अक्षरांच्या फाइल-नावात कोंबलेला. मॅकिंटॉशवर फाइलला आठ अक्षरांहून बरेच लांब नाव देता येते, ही गोष्ट अकरा वर्षांची जुनी होती. तुम्ही आत्ता कुठे तिथे पोहोचलात, असे अ‍ॅपलला म्हणायचे होते. मुद्दा खरा होता. ती जाहिरात संगणकातल्या जाणकारांना कळली आणि त्यांनी तिचे कौतुक केले. रांगेत उभ्या असलेल्या माणसावर तिचा परिणाम शून्य झाला. १९९६ च्या सुरुवातीच्या एका तिमाहीत अ‍ॅपलला ७४ कोटी डॉलरचा तोटा झाला.

पंधरा मिनिटे

शामियान्यात पाहुणे बसले होते. संगणक बनवणाऱ्या जगातल्या बड्या कंपन्यांसाठी हा सणाचा दिवस होता, कारण विंडोज ९५ घातलेले त्यांचे संगणक विकायला तयार होते.

सोहळा सुरू व्हायला पंधरा मिनिटे होती तेव्हा आयबीएमला परवाना मिळाला. रॉयल्टीच्या तपासणीचा वादही त्याच दिवशी मिटला. त्या तडजोडीपोटी आयबीएमने अखेर ३ कोटी १० लाख डॉलर भरले.

वरवर पाहता आयबीएम वेळेत पोहोचली. तारीख २४ ऑगस्टच होती, आणि विंडोज ९५ च्या पहिल्या दिवशी आयबीएमकडेही परवाना होता, असे कागदोपत्री म्हणता येते. पण सही झाल्याने संगणक तयार होत नाही. चाचण्या, ड्रायव्हर, कारखान्यातली प्रत, खोकी, मालवाहतूक, हे स्पर्धकांनी १७ जुलैपासून उरकलेले काम आयबीएमपुढे होते. स्पर्धकांना मिळालेले ३८ दिवस तिला कुणी परत देणार नव्हते. शाळा-कॉलेजांच्या खरेदीचा हंगाम त्यासाठी थांबणार नव्हता.

पंधरा मिनिटांचा हा हिशेब मला सगळ्यांत बोचतो. परवाना आठवडाभर उशिरा दिला असता तर त्याची बातमी झाली असती, कुणीतरी प्रश्न विचारले असते. परवाना साफ नाकारला असता तर तीनच दिवसांपूर्वी समझोता मंजूर करणाऱ्या न्यायालयाचे लक्ष तिकडे गेले असते. सोहळ्याच्या तोंडावर दिल्यामुळे बाहेरच्या जगाला काहीच दिसले नाही. हे ठरवून साधले, की वाटाघाटी ताणता ताणता तसे झाले, याविषयी मी बोलणार नाही. परिणाम दोन्ही बाबतींत एकच.

त्यानंतरचे आठवडे

विंडोज ९५ च्या पहिल्या पाच आठवड्यांत ७० लाख प्रती विकल्या गेल्या. थांबून राहिलेले गिऱ्हाईक एकदम बाजारात आले आणि नव्या संगणकांची विक्री उसळली. न्यायाधीशांच्या निष्कर्षांत लिहिले आहे, की त्या उसळीचा लाभ आयबीएमच्या स्पर्धकांना झाला आणि आयबीएमच्या हातून ती बहुतांशी निसटली. पीसीच्या बाजारातले पहिले स्थान आयबीएमने १९९४ मध्येच कॉम्पॅकला गमावले होते. ते परत मिळवण्याची याहून मोठी संधी पुन्हा आली नाही.

ओएस/२ चे काय झाले? सप्टेंबर १९९६ मध्ये तिची चौथी आवृत्ती आली, पण घरगुती गिऱ्हाइकासाठी झगडायची उमेद तेव्हा सरली होती. ती बँकांच्या एटीएममध्ये आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या तिकीटयंत्रणेत राहिली आणि तिथे पुढे बरीच वर्षे इमानाने चालली.

सारा दोष मायक्रोसॉफ्टवर टाकणे सोपे आहे. तसे करणे मला मान्य नाही. १९६९ ते १९८२ अशी तेरा वर्षे याच अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला चालवला होता. छोट्या स्पर्धकांना धाक घालणारी कंपनी म्हणून त्या काळी तिचेच नाव घेत. आयबीएमच्या घरातही एकवाक्यता नव्हती. ओएस/२ लिहिणारा विभाग विंडोजशी लढत होता आणि पीसी विकणारा विभाग विंडोजवाचून जगू शकत नव्हता. ड्रायव्हरांचा तुटवडा आयबीएमने वेळीच भरून काढला नाही, हेही खरे. या चुकांची शिक्षा बाजाराने तिला दिली असती, तर माझी काही तक्रार नसती. गिऱ्हाइकाने दोन्ही संगणक शेजारी शेजारी पाहून एक निवडला असता, तर तो न्याय झाला असता. पण १९९५ च्या त्या हंगामात दुकानाच्या फळीवर काय मांडले जाईल, हेच गिऱ्हाइकाच्या आधी ठरले.

हे सगळे बाहेर आले ते एका साक्षीमुळे. जून १९९९ मध्ये आयबीएम पीसी कंपनीत त्या वाटाघाटींवर काम केलेले गॅरी नॉरिस वॉशिंग्टनच्या न्यायालयात उभे राहिले आणि त्यांनी आपल्या त्या वेळच्या नोंदींच्या आधारे सारे सांगितले. ज्यांचा धंदा विंडोजच्या परवान्यावर चालतो, अशा उत्पादकांपैकी मायक्रोसॉफ्टविरुद्ध उघडपणे बोलायला फारसे कुणी पुढे आले नव्हते. नॉरिस यांचे धैर्य म्हणून मोठे. ५ नोव्हेंबर १९९९ ला न्या. जॅक्सन यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, एकूण ४१२ परिच्छेदांचे. पुढच्या वर्षी त्यांनी मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला आणि पत्रकारांशी खासगीत बोलल्याबद्दल न्या. जॅक्सन यांच्यावर कडक ताशेरे ओढले. मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवल्याचा ठपका मात्र त्या न्यायालयाने कायम ठेवला.

आयबीएमने आपला पीसीचा धंदा लेनोवो या चिनी कंपनीला विकला. तो व्यवहार मे २००५ मध्ये पुरा झाला. १ जुलै २००५ रोजी मायक्रोसॉफ्टने आयबीएमशी तडजोड केली आणि ७७ कोटी ५० लाख डॉलर रोख, शिवाय साडेसात कोटी डॉलरची सॉफ्टवेअरपोटी सवलत दिली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला ओएस/२ ची विक्री बंद झाली. भरपाई आली तेव्हा आयबीएमकडे पीसी उरला नव्हता, आणि वर्ष संपेपर्यंत त्यावर घालायची ऑपरेटिंग सिस्टिमही उरली नाही.

यंत्रावर आधीपासून काय घातलेले असेल हे कोण ठरवणार, हा प्रश्न आपल्याकडे संगणकाऐवजी मोबाइलच्या रूपाने आला. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर आपली अ‍ॅप आधीपासून घालण्याची सक्ती केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला.

न्या. जॅक्सन यांचे ४१२ परिच्छेद आणि स्पर्धा आयोगाचा आदेश हे दोन्ही दस्तऐवज कुणालाही फुकट वाचता येतात. महाराष्ट्रातल्या वाणिज्य, विधी आणि संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांत जाहिरात आणि विपणन हौसेने शिकवले जाते. त्या अभ्यासक्रमात हे दोन दस्तऐवज लावावेत, आणि विद्यार्थ्यांनी ते भाषांतराची वाट न पाहता मुळातून वाचावेत, एवढी माझी विनंती आहे.